ते या कोर्टाचं काम नाही

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. आवाज असा की रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसलेला माणूस चहा अर्धा टाकून पळत यायचा. मी त्यांची मुलगी, पण माझा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही. चौथीपर्यंत शिकले. मग आई अंथरुणाला खिळली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मी घरी बसले. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी उठायची नाही, पाटीवर लिहून पाटी वर धरायची. आताही तेच करते आहे. बोलता आलं नाही ते लिहिते. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून कुणाचं नावही लिहीत नाही.

वडिलांमुळे कोर्टाची मला कधी भीती वाटली नाही. उलट विश्वास होता. लहानपणी एकदा मी त्यांना विचारलं होतं, "साहेबांनीच चुकीचा निकाल दिला तर?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगितलं, "तालुक्याचं चुकलं तर जिल्हा बघतो. जिल्ह्याचं चुकलं तर हायकोर्ट. त्याच्यावर दिल्ली. वरचा साहेब खालच्याचं बघतो, म्हणून तर सगळे सरळ राहतात." एकच शिडी, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी बसलेलं. ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की अमेरिकेत गेल्यावरही मी तीच शिडी शोधत राहिले.

ज्यांच्याशी माझं लग्न झालं त्यांना मी इथे मुलीचे वडील म्हणेन. आता तेवढंच नातं उरलं आहे. लग्न ठरलं तेव्हा ते नागपूरला इंजिनियरिंगला होते, स्कॉलरशिपवर. आमच्या वस्तीतला पहिला इंजिनियर. विहारात लग्न लागलं तेव्हा पांढऱ्या साडीत मला जमिनीवर पाय आहेत की नाही तेच कळत नव्हतं. पुढे पुण्याला नोकरी, मग नव्वदनंतर लगेच अमेरिका. डेट्रॉइटच्या बाहेर मोटारींच्या कारखान्यांची गावं आहेत, त्यातल्या एका गावात आमचं अपार्टमेंट होतं. त्यांचा कामाचा व्हिसा, आणि त्यांची बायको म्हणून माझा. मुलगी तिथेच झाली.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग त्यांच्या ऑफिसच्या पार्ट्या सुरू झाल्या. मी कोपऱ्यात कोकचा ग्लास धरून उभी. कुणी काही विचारलं की "येस". घरी येताना गाडीत बोलणी. "चार माणसांत उभं राहता येत नाही तुला. त्यांना वाटतं मी गावातून नोकर आणलाय." ज्यांची आई रेशन कार्डावर अंगठा उठवायची, त्यांना माझी चौथी कमी पडायला लागली. हे लिहितानाही माझा हात गरम होतो.

मुलगी पाच वर्षांची असताना ते दुसऱ्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले आणि घटस्फोटाचे कागद आले. आमच्या भागात ट्रॉयला एक काका राहायचे. रविवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये आमच्या समाजाचे लोक वंदनेला जमायचे. काका मोटारींच्या ब्रेकचे इंजिनियर, आणि आपल्या घटनेवर त्यांचा फार जीव. कपाटात घटनेची जाड प्रत, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. काकू मात्र रोखठोक. कागद आलेले कळताच त्यांनी मला गाडीत घातलं आणि गरिबांची कामं करणाऱ्या एका वकीलबाईंकडे नेलं. बाई पांढऱ्या केसांच्या, ऑफिसातही बर्फाचे बूट घालून बसायच्या. त्या इंग्रजीत सांगायच्या, काकू मराठीत, आणि मी मान हलवायची.

काउंटीच्या कोर्टात, म्हणजे राज्याच्या कोर्टात, ते प्रकरण फारसं चिघळलं नाही. या राज्यात कोर्टाचं एक खातं आहे, त्याला 'फ्रेंड ऑफ द कोर्ट' म्हणतात. त्या खात्यातली एक बाई घरी येऊन बसली, मुलीशी खेळली, फ्रिज उघडून बघितला आणि लिहून गेली की मूल आईकडे नीट आहे. जजनी मुलगी मला दिली. शुक्रवारी संध्याकाळी वडिलांकडे, रविवारी सहाला परत माझ्याकडे. आणि एक ओळ, जी तिथल्या अशा प्रत्येक हुकुमात असते म्हणे: कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीचा मुक्काम मिशिगन राज्याबाहेर हलवायचा नाही.

मुलीच्या वडिलांनी कशालाच हरकत घेतली नाही. व्हरांड्यात मुलीला मशीनमधून चॉकलेट काढून दिलं. लोक म्हणाले, "शेवटी शिकलेला माणूस. भांडला नाही." मलाही त्या दिवशी तसंच वाटलं.

नंतर इमिग्रेशनचं पत्र आलं. मी आता त्यांची बायको नाही, त्यामुळे माझा व्हिसा वाढवता येणार नाही, आणि अमुक तारखेच्या आत देश सोडावा. मी ते काकूंना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

त्याच शुक्रवारी मुलीला न्यायला ते आले. मुलगी आत तिचे बूट शोधत होती. दारातच मी पत्र पुढे केलं. त्यांनी हातातही घेतलं नाही.

"माहितीये मला," ते म्हणाले. "कोर्टानं तुला मुलगी दिली ना? घे. पण तिला मिशिगनबाहेर नेता येणार नाही, आणि तुला अमेरिकेत राहता येणार नाही. मग मुलगी कुठे राहील ते तूच बघ. मला भांडायची गरजच काय होती?"

तेव्हा मला कळलं की माणूस व्हरांड्यात इतका शांत का होता. एका कोर्टानं जे दिलं ते दुसरं सरकार आपसूक काढून घेणार होतं, आणि हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मुलगी बूट घालून आली, "बाय आई" म्हणाली आणि त्यांचं बोट धरून जिना उतरली. मी दार लावलं आणि ओट्याजवळ उभी राहून पोळपाटावर लाटणं आपटलं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं छताला काठी ठोकली.

सोमवारी आम्ही वकीलबाईंकडे. त्यांनी हातांनी दाखवून सांगितलं. एक हात इकडे, एक तिकडे. लग्न, घटस्फोट, मुलं, घरदार, हे राज्याच्या कोर्टाचं. देशात कुणी यावं, कुणी राहावं, हे फेडरल, म्हणजे केंद्राचं. राज्याचा जज तुम्हाला देशात ठेवू शकत नाही. केंद्रवाले मुलगी कुणाची ते ठरवत नाहीत.

"मग दोन्हींचं मिळून कोण बघतं?" मी काकूंना विचारायला लावलं.

वकीलबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "नोबडी."

हे काकूंनी मराठीत सांगितलंच नाही. गरज नव्हती.

त्या म्हणाल्या, आपण काउंटीच्या जजकडे अर्ज करू, मुलीला भारतात न्यायची परवानगी मागू. मुलीचे वडील विरोध करतील, पण प्रयत्न करू. दरम्यान इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन विचारा. आम्ही गेलो. काचेमागचा माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मुलीला आम्ही जा म्हणत नाही," तो म्हणाला. "ती अमेरिकेची सिटिझन आहे."

"म्हणजे मी तिला घेऊन जाऊ?"

"त्यात आमची हरकत नाही. ते तुमच्या फॅमिली कोर्टाला विचारा."

"आणि फॅमिली कोर्टानं नाही म्हटलं तर मी राहू?"

"ते फॅमिली कोर्ट सांगू शकत नाही."

काकूंनी भाषांतर करता करता स्वतःचंच एक वाक्य घातलं, आणि तो माणूस हसला. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणालात? "म्हटलं, तुम्ही लग्न जमवणारे असता तर एकाचंही लग्न लागलं नसतं."

रविवारी वंदना झाल्यावर हा विषय बेसमेंटमध्ये निघाला. काकांनी पेपर नॅपकिन घेतला, खिशातलं पेन काढलं आणि शिडी काढली. तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. माझ्या वडिलांनी तोंडी सांगितलेली तीच शिडी, हुबेहूब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता हे बघा," काका म्हणाले. "काउंटी म्हणजे आपला जिल्हा. फेडरल म्हणजे दिल्ली. दिल्लीपुढे जिल्हा काय करणार? सरळ फेडरल कोर्टात जायचं आणि सांगायचं, खालच्या कोर्टानं ही अट घातलीय, ती उठवा, नाहीतर हिला राहू द्या. दोन्ही वरच्याच्याच हातात आहे. सिंपल."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात दोन डॉक्टर होते, एक पीएचडी करणारा मुलगा होता. सगळे नागपूर, अमरावती, पुणे इकडचे. आपल्याकडे जमिनीचा तंटा असो, खून असो, केंद्राचा कायदा असो की राज्याचा, सगळं एकाच शिडीनं वर जातं. दुसरी शिडी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

फक्त काकू म्हणाल्या, "अहो, ब्रेकवाले, वकीलबाई तर वेगळंच सांगत होत्या."

"ती बाई लोअर कोर्टाची वकील. तिला वरचं काय माहीत?"

"आणि तुम्हाला?"

"मी घटना वाचलीय."

"कुठली?"

सगळे हसले, काकासुद्धा. पण नॅपकिनची त्यांनी घडी घालून खिशात ठेवली, आणि आठवडाभरात कम्प्युटरवर माझा अर्ज टाइप केला. मी सही केली. वकीलबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "प्लीज, हे करू नका." काकूंनी ते मला सांगितलं. मी काकांकडे बघितलं. काकांनी 'करायचंच' अशी मान हलवली, म्हणून मीही हलवली आणि अर्ज फेडरल कोर्टात गेला.

त्याचा परिणाम लगेच दिसला. काउंटीच्या जजसमोर आमचा परवानगीचा अर्ज आला तेव्हा मुलीच्या वडिलांच्या वकिलानं उभं राहून सांगितलं की बाई फेडरल कोर्टात गेल्या आहेत. जजनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग आधी तिथलं होऊ द्या," ते म्हणाले आणि तारीख पुढे ढकलली. वकीलबाईंनी बॅग बंद केली, ती इतक्या जोरात की आवाज झाला.

फेडरल कोर्टाची इमारत डाउनटाउनमध्ये. दगडी, उंच, आत पायांचा आवाज घुमेल अशी. मी मनात म्हटलं, ही बघ दिल्ली. बेंचवर बसून छताकडे बघितलं तर सोनेरी नक्षी. मला वडिलांची खूप आठवण आली. वाटलं, इथे कुणी माझ्या नावाचा पुकारा करेल आणि सगळं नीट होईल.

पुकारा झाला. काका कोट घालून उभे राहिले.

जजनी विचारलं, "आपण यांचे वकील?"

"नो सर. मेकॅनिकल इंजिनियर."

"मग बसा."

काका बसले नाहीत. "युवर ऑनर, फेडरल हे स्टेटच्या वर असतं, त्यामुळे..."

"सर. बसा."

काका बसले. जजनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले आणि मागे काकूंकडे बघितलं. काकूंना मागून पुढे यायची परवानगी मिळाली. त्या माझ्या शेजारी उभ्या राहून बोलल्या. जज म्हातारे होते, सभ्य होते. त्यांनी ओरडून काही म्हटलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सावकाश समजावलं, जसं रस्ता चुकलेल्या माणसाला समजावतात. मुलीचा ताबा हा राज्याच्या कोर्टाचा विषय. त्यांच्या अशा हुकुमाच्या वर मी बसलेलो नाही. मी त्यांचा वरिष्ठ नाही, माझं घर वेगळं, त्यांचं वेगळं. आणि देशात राहण्याबद्दल म्हणाल, तर ते आधी इमिग्रेशनवाल्यांपुढे पूर्ण व्हायला लागतं. ते झाल्याशिवाय माझ्याकडे येत नाही. मला बाईंबद्दल वाईट वाटतं, पण ते या कोर्टाचं काम नाही.

काकूंनी शेवटचं वाक्य मराठीत सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या चुकल्या. मी म्हटलं, "पुन्हा विचारा." त्यांनी पुन्हा विचारलं. जजनी पुन्हा तेच सांगितलं.

माझ्यानंतर कुठल्या तरी दोन कंपन्यांचं भांडण होतं. सहा वकील आत आले, त्यांच्या खोक्यांसाठी ढकलगाडी. त्यांचं मात्र त्या कोर्टाचं काम होतं.

परतताना गाडी हायवेवर लागल्यावर काका म्हणाले, "आपल्याकडे असं नाही. आपल्या घटनेत मुद्दामच असं ठेवलं नाही. कोर्ट एकच ठेवलं."

"पुढे बघून चालवा," काकू म्हणाल्या.

"मी फक्त सांगतोय..."

"हिची तारीख जवळ आली आणि तुम्ही आपल्याकडचं सांगताय. ब्रेक लावा की कधीतरी!"

काकांनी खरंच वेग कमी केला. मला त्यांचा राग आला होता. पण हेही खरं की त्यांनी त्यासाठी ऑफिसातून रजा काढली होती, आणि कोटाच्या खिशात तो नॅपकिन होता. मी मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि माझा सगळ्यात मोठा राग त्या सभ्य आवाजावर होता. सगळे सभ्य. काचेमागचा माणूस सभ्य, दोन्ही जज सभ्य, मुलीचे वडील तर सगळ्यांत सभ्य. प्रत्येकानं माझं ऐकून घेतलं, आणि प्रत्येकानं बोट दुसऱ्याकडे दाखवलं. माझ्या मुलीची दोन टोकं दोघांनी धरली होती, आणि दोघंही म्हणत होते की मी तर ओढत नाहीये.

काउंटीच्या जजसमोर पुन्हा उभं राहायला मिळालं ते देश सोडायची तारीख अगदी तोंडावर आल्यावर. वकीलबाई चांगलं बोलल्या. त्या म्हणाल्या, या आईला जावं लागणार आहे, तेव्हा मुलीला तिच्याबरोबर जाऊ द्या. समोरचा वकील म्हणाला, भारतात गेलेली मुलगी परत येणार नाही, आणि तिथे या कोर्टाचा हुकूम कोण मानणार?

जजनी विचार केला. "बाईंना प्रत्यक्ष कुणी बाहेर काढलं आहे का?"

"अजून नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण पत्र..."

"पत्राचं पुढे काय होईल ते मी कसं सांगू? तो फेडरल प्रश्न आहे. त्या गेल्या, तर मग आपण ताब्याचा पुन्हा विचार करू."

"युवर ऑनर, तेव्हा त्या पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असतील."

"तुम्ही असाल ना इथे."

काकू मला हे कानात सांगत होत्या. आणि मी उभी राहिले. कुणी उठायला सांगितलं नव्हतं. मी मराठीतच बोलले, काकूंना म्हटलं, जसंच्या तसं सांगा, तुमचं काही घालू नका.

"साहेब, तुम्ही म्हणता मुलगी इथून हलवायची नाही. ते म्हणतात तू इथे थांबायचं नाही. दोघंही एकाच झेंड्याखाली बसता. ते कोर्ट इथून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. एकमेकांना फोन करा. तुमचं काय ते ठरवा आणि मग मला सांगा. मी बाहेर बाकावर बसते."

काकूंनी सांगितलं. टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले. जज हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही तसा फोन करत नाही."

"का?"

त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि अर्ज आज निकाली काढता येणार नाही असं सांगून पुढचं प्रकरण बोलावलं.

काकांनी माझ्यासाठी मुंबईचं तिकीट काढून ठेवलं होतं. एकच. शुक्रवार दुपारचं विमान. गुरुवारी संध्याकाळी ते दोघं माझी बॅग न्यायला आले. बॅग भरलेली नव्हती. मी मुलीच्या युनिफॉर्मला, म्हणजे तिच्या शाळेच्या कार्यक्रमाच्या पांढऱ्या शर्टाला, इस्त्री करत होते.

"हे काय?" काका म्हणाले.

"मी जात नाही."

काका खुर्चीवर बसले. "बाई, असं करू नकोस. तू जा. आम्ही मुलीकडे लक्ष ठेवू, दर रविवारी वंदनेला आणू. वकीलबाई इथून लढतील. पण कायदा मोडू नकोस. आपण कायद्यानं वर आलेली माणसं आहोत. आपल्याला ते शोभत नाही."

त्यांचं ते वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. माझ्या वडिलांनी मरेपर्यंत पट्ट्याचं पितळ रोज घासलं.

मी इस्त्री उभी ठेवली. "काका, मी कायदाच पाळायला निघालेय. पण इथे ते दोन आहेत. एक मोडल्याशिवाय दुसरा पाळता येत नाही. गेले तर मुलीला आई सांभाळील असा हुकूम आहे तो मोडते. नेली तर नेऊ नको म्हणणारा मोडते. थांबले तर जा म्हणणारा मोडते. तुम्ही घटना वाचलीय. कुठला मोडू सांगा."

काका भिंतीकडे बघत राहिले, जिथे माझ्या घरी काहीच टांगलेलं नव्हतं, मुलीनं शाळेत रंगवलेला एक टर्की पक्षी तेवढा होता.

मुलगी दारात आली. "मॉम, आर यू गोइंग टू इंडिया?"

"नाही."

"डॅड सेड यू आर."

"डॅडला माहीत नाही."

"ओके," ती म्हणाली आणि शर्ट घेऊन गेली.

काकू उठल्या. त्यांनी काकांच्या खिशातून तिकीट काढलं, स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि पर्स बंद केली. "चला," त्या काकांना म्हणाल्या. "हिला उद्या काम आहे."

शुक्रवारी दुपारी माझं विमान गेलं असेल तेव्हा मी मुलीला शाळेतून आणत होते. तिनं दूध प्यायलं, कार्टून बघितलं. मी तिची शनिवार-रविवारची पिशवी भरली: दोन फ्रॉक, नाइट ड्रेस, खोकल्याचं औषध. संध्याकाळी ठरलेल्या वेळी जिन्यात बूट वाजले. ते वर येताना कुणाशी तरी हसून बोलत होते. बहुतेक खालच्या बाईशी. मी गेल्यावर मुलीला सोपवायला काकू दार उघडतील असं त्यांना वाटलं असावं, कारण दार उघडलं तेव्हा चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं.

"तू?" ते म्हणाले. "तू गेली नाहीस?"

"नाही."

"आज तारीख होती तुझी."

"कोर्टाचा हुकूम आहे. मुलगी मिशिगनबाहेर न्यायची नाही. आणि मुलगी आईजवळ राहील, हेही त्याच कागदावर आहे. मी तो पाळतेय."

"तू वेडी आहेस का? तू इल्लीगल झालीस. मी उद्याच्या उद्या काउंटीच्या जजला सांगेन."

"सांगा," मी म्हटलं. "ते या कोर्टाचं काम नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उत्तर दिलं होतं, आणि उत्तर माझं नव्हतंच, सगळ्यांनी मिळून माझ्या हातात दिलेलं होतं.

"मग इमिग्रेशनला कळवेन."

"कळवा. त्यांना मुलीचं विचारू नका. ते त्यांचं काम नाही."

माझा आवाज चढला होता. खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला. म्हातारी जिन्याच्या कठड्याला धरून वर बघत होती, पण या वेळी तिच्या हातात काठी नव्हती. मुलगी पिशवी घेऊन माझ्या शेजारून बाहेर आली आणि सवयीनं वडिलांचं बोट धरलं.

मी दार लावलं नाही. ते शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत मी थांबले आणि वरून ओरडले, तालुक्याच्या व्हरांड्यात ओरडावं तसं, "रविवारी सहाला आणून सोडा! हुकुमात तसंच लिहिलंय!"